गिरवलेल्या रेषेची थरथर

‘गिरवणे’ या शब्दाला आपल्याकडे फारसा मान नाही. बाईंनी पाटीवर काढून दिलेल्या अक्षरावरून पेन्सिल फिरवणे म्हणजे गिरवणे. ते शिकाऊ मुलाचे काम, कलावंताचे नव्हे. ॲनिमेशनच्या इतिहासातही हाच न्याय चालत आला आहे. जिवंत माणसाचे आधी चित्रीकरण करायचे आणि मग ते फ्रेममागून फ्रेम कागदावर उतरवून घ्यायचे, या तंत्राला ‘रोटोस्कोप’ म्हणतात. त्याचा उल्लेख बहुधा सोय म्हणून, पळवाट म्हणून, कधी तर सरळसरळ नक्कल म्हणून होतो. चित्रकाराने हालचाल मनातून रचावी, उतरवून घेऊ नये, असा त्यामागचा आग्रह असतो. मी या विषयाचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. जे काही कळले ते फिती थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पुढे नेऊन पाहताना कळले. तेव्हा हा आग्रह मला अर्धाच पटतो, एवढे सुरुवातीलाच सांगतो. गाण्यांवर रचलेल्या चित्रफितींमध्ये मनाला खोल चटका लावून जाणारी काही दृश्ये नेमकी गिरवलेली आहेत. तो चटका गिरवण्यामुळेच लागतो, असे मला वाटते.

रोटोस्कोपचा जनक मॅक्स फ्लायशर. जन्म १८८३, क्रॅकोव्ह. लहानपणीच तो कुटुंबाबरोबर अमेरिकेत आला. वर्तमानपत्रात चित्रे काढता काढता तो यंत्र-विज्ञानाच्या एका लोकप्रिय मासिकाचा कलासंपादक झाला, आणि यंत्राची ओढ व चित्रकलेचा हात या दोन्हींतून त्याची युक्ती निघाली. १९१५ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. १९१७ साली पेटंट मिळाले. यंत्र अगदी साधे. मागून चित्रफितीची एक फ्रेम काचेवर पाडायची, काचेवर कागद ठेवायचा, आकृतीची बाह्यरेषा काढायची, फीत एक फ्रेम पुढे सरकवायची आणि नवा कागद घ्यायचा. मॅक्सचा भाऊ डेव्ह विदूषकाचा पोशाख घालून कॅमेऱ्यासमोर नाचला. त्याच्या गिरवलेल्या आकृतीतून पुढे ‘कोको’ हा विदूषक जन्मला.

(जाता जाता एक आठवण करून द्यावीशी वाटते. याच सुमारास, १९१२ साली, दादरला धुंडिराज गोविंद फाळके कुंडीतल्या वाटाण्याचे एकेक फ्रेमने चित्रण करत होते. ‘अंकुराची वाढ’ हा त्यांचा छोटा पट त्यातूनच झाला. वेळेचे तुकडे करून ते पुन्हा जोडले की निर्जीव पडद्यावर जीव हलतो, हे जगाच्या दोन टोकांना दोन हरहुन्नरी माणसांना जवळपास एकाच वेळी उमगले होते.)

फ्लायशर बंधूंना गाण्यांचे वेड होते. १९२४ पासून त्यांनी प्रेक्षकांनी सोबत गावीत अशी गाण्यांची चित्रे काढली. पडद्यावर गाण्याचे शब्द, आणि त्यांवरून तालात उड्या मारत जाणारा चेंडू. आजच्या कॅराओकेचे मूळ तिथे सापडते. त्यांची खरी कमाल मात्र कॅब कॅलोवेबरोबर झाली.

कॅलोवे हा हार्लेममधल्या कॉटन क्लबचा कृष्णवर्णीय गायक आणि वाद्यवृंदाचा नायक. त्या क्लबची रीत सांगण्यासारखी आहे. रंगमंचावर कृष्णवर्णीय कलावंत, समोर टेबलांवर मात्र फक्त गोरे प्रेक्षक. ‘मिनी द मूचर’ हे त्याचे १९३१ चे गाणे. १९३२ साली फ्लायशरांनी त्याच नावाचा बेटी बूपचा पट काढला. पटाच्या सुरुवातीला खुद्द कॅलोवे वाद्यवृंदासमोर डोलताना दिसतो. पाय जमिनीवरून घसरत मागे जातात, हात पाण्यात सोडल्यासारखे सैल. मग चित्रकथा सुरू होते. आईवडिलांवर रुसून बेटी घर सोडते, मित्राबरोबर एका गुहेत शिरते, आणि तिथे वालरसाच्या रूपातले एक भूत गाऊ लागते. आवाज कॅलोवेचा, आणि चालही कॅलोवेचीच, कारण त्याच्या नृत्याची फीत गिरवून ते भूत काढलेले आहे.

इथे आवाज बंद करून एकदा पाहावे. बेटी, तिचा मित्र, गुहेतले सांगाडे हे सगळे मनातून रचलेले आहेत. त्यांच्या अंगात हाडे नाहीत. ती रबरासारखी ताणतात, आखडतात. वालरसाला मात्र वजन आहे. एका पायावरचा भार दुसऱ्यावर जाताना कंबर किंचित खाली बसते, आणि हे तपशील कोणी सुचून काढत नाही. चित्रांच्या दुनियेत मधोमध एक खरा देह वावरतो आहे, हे डोळ्याला कारण न समजताही जाणवते. भीती तिथून येते. भुताचे सुळे तिच्यापुढे काहीच नाहीत.

पुढच्याच वर्षी आलेला ‘स्नो-व्हाइट’ याहून सरस आहे. डिस्नेच्या प्रसिद्ध चित्रपटाच्या चार वर्षे आधीचा, अवघ्या सात मिनिटांचा हा पट जवळजवळ एकट्या रोलंड क्रँडॉलने चितारला. त्यात बर्फाच्या शवपेटीतल्या बेटीला गुहेतून नेले जाते. मागे कोको विदूषक चालत असतो आणि गाणे असते ‘सेंट जेम्स इन्फर्मरी ब्लूज’. मेलेल्या प्रेयसीला इस्पितळात पाहून आलेल्या माणसाचे ते गाणे. या वेळी कॅलोवे स्वतः पडद्यावर दिसत नाही. आवाज आणि चाल त्याची, चेहरा कोकोचा. गाण्याच्या मध्यावर चेटकिणीचा आरसा कोकोला लांब पायांचे पांढरे भूत करून टाकतो. गाण्यात येतील तशा वस्तूंचे आकार ते भूत घेत जाते, सोन्याच्या नाण्याची साखळी होते, बाटली होते. देह असा वितळत असताना पावले मात्र तीच, अस्सल, लयीत घसरणारी. शोक करणाऱ्या माणसाचे नेमके असेच होते. मन कुठल्या कुठे जाते आणि पाय सवयीने चालत राहतात.

मला इथे आणखीही एक गोष्ट अस्वस्थ करते. ज्या माणसाला स्वतःच्याच क्लबात खुर्चीवर बसायला जागा नव्हती, त्याची चाल एका गोऱ्या विदूषकाच्या आणि मग पांढऱ्या भुताच्या अंगात शिरून देशभरच्या चित्रपटगृहांत पोचली. फ्लायशरांचा असा हेतू होता, असे मी म्हणत नाही. पण गिरवण्यात मूळ माणूस पुसला जातो आणि उरतोही. हे दोन्ही एकदम घडते. १९९४ साली अमेरिकेने हा पट जतन करण्याच्या राष्ट्रीय यादीत घेतला. तेव्हा बेटी बूपबरोबर कॅलोवेच्या पायांचीही जपणूक झाली.

डिस्नेच्या १९३७ च्या चित्रपटातही नर्तिकेचे चित्रीकरण करून त्यावरून नायिका रेखाटली गेली. पण तिथे धोरण उलटे होते. मूळ फीत आधारापुरती वापरायची, रेषा घासूनपुसून इतकी स्वच्छ करायची की गिरवल्याची खूण राहू नये. पुढची अनेक वर्षे हेच चांगल्या कामाचे माप ठरले. लपवता आले तर ठीक, नाही तर कच्चे काम.

ही खूण लपवायची नाही असे ठरवून केलेले काम सगळ्या जगाने पाहिले ते १९८५ साली. नॉर्वेच्या ‘आ-हा’ या तिघांच्या चमूचे ‘टेक ऑन मी’ हे गाणे. आपल्याकडे १९९१ नंतर केबलवर एमटीव्ही आले. त्या दिवसांत कॉलेजात असलेल्यांनी हे गाणे पाहिलेले असणार. त्याची एक आधीची आवृत्ती १९८४ साली आली होती. तिची चित्रफीत निळ्या पडद्यासमोर वाजवणारे तिघे, एवढीच. ती पडली. गाणे नव्याने ध्वनिमुद्रित झाले आणि चित्रफितीचे काम स्टीव्ह बॅरन या दिग्दर्शकाकडे गेले. मायकेल पॅटरसन या तरुण चित्रकाराने विद्यार्थिदशेत ‘कम्यूटर’ नावाचा पेन्सिलने चितारलेला लघुपट केला होता. त्याची ती खडबडीत रेघ या कामासाठी निवडली गेली. जोडीला त्याची सहकारी कँडेस रेकिंगर.

सुमारे ३,००० फ्रेम, १६ आठवडे. साधा हिशेब करून पाहिला. सुट्टी न घेता दिवसाला सत्तावीस चित्रे होतात. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर या सगळ्यातून पडद्यावर दोन मिनिटे आणि पाच सेकंद मिळतात.

गोष्ट थोडक्यात अशी. कॅफेत एकटी बसलेली मुलगी चित्रकथा वाचते आहे. त्यातला मोटरसायकल शर्यतीचा नायक तिच्याकडे पाहून डोळा मारतो, पानातून पेन्सिलीने काढलेला हात बाहेर येतो आणि ती तो धरून आत जाते. आत गेल्यावर तीही रेघ होते. दोघांच्या मध्ये एक चौकट आहे. तिच्या एका बाजूला माणसे, दुसऱ्या बाजूला चित्रे. दोघे तिच्याभोवती फिरतात तसे आळीपाळीने कधी हा खरा, ती चित्र, कधी उलट. प्रेमात पडलेल्या दोघांमधले अंतर दाखवायला याहून सोपी आणि नेमकी युक्ती मी पाहिलेली नाही.

आता रेषेकडे पाहा. प्रत्येक फ्रेम नव्याने काढलेली असल्यामुळे मागच्या फ्रेममधली छटा पुढच्या फ्रेममध्ये तंतोतंत तिथेच पडत नाही. नायक स्थिर उभा असतानाही त्याच्या केसांतल्या, गालांवरच्या रेघा सारख्या वळवळत असतात. ॲनिमेशनवाले याला इंग्रजीत ‘बॉइल’, म्हणजे उकळी म्हणतात आणि एरवी हा दोष धरतात. इथे त्याचा अर्थ पालटतो. हालचाल खऱ्या माणसाची आहे, म्हणून तो आहे असे वाटते. रेघ दर क्षणी नवी आहे, म्हणून तो पुढच्या क्षणी नसेल असेही वाटते. देहाचा काळ अखंड आणि हाताचा काळ तुटक. हे दोन काळ एकाच आकृतीत राहतात, आणि त्यांच्या फटीतून हुरहुर पाझरते. वेगवान, जवळजवळ उड्या मारणाऱ्या त्या चालीत ही हुरहुर एरवी सहज ऐकूही आली नसती.

कागदाचा धर्मही कथेत उतरला आहे. मुलगी पैसे न देता पळाली असे समजून कॅफेतली बाई ती चित्रकथा चुरगाळून टोपलीत टाकते, आणि आतले जग संकटात सापडते. शेवटी मुलगी घरी येऊन चुरगळलेली पाने सपाट करते. नायक त्यात निपचित पडलेला असतो. मग तो उठतो, आणि चित्रातून बाहेर येण्यासाठी भिंतींवर अंग आपटत राहतो. एका धडकेला माणूस, दुसऱ्या धडकेला रेघ. ही कल्पना केन रसेलच्या १९८० सालच्या ‘ऑल्टर्ड स्टेट्स’ या चित्रपटावरून घेतलेली आहे. पण चित्रपटातला अवतार भयाचा होता, इथे तो जन्माच्या वेदनेसारखा दिसतो.

१९८६ साली एमटीव्हीची सहा पारितोषिके या फितीला मिळाली. पुढे २०२० पर्यंत ती एक अब्ज वेळा पाहिली गेली. माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच. याच चमूच्या पुढच्या गाण्याची, ‘द सन ऑल्वेज शाइन्स ऑन टीव्ही’ची फीत बॅरननेच केली. तिच्या आरंभी नायक-नायिका समोरासमोर उभे असतात आणि त्याच्या अंगावर पुन्हा रेघा उमटू लागतात. तो तिला सोडून पळून जातो. आधीच्या गाण्याच्या सुखान्तावर विश्वास ठेवून बसलेल्यांना हा धक्का होता, पण ती थरथर नीट पाहिली असेल त्याला तो होणार हे आधीच ठाऊक असावे.

दुसऱ्याच वर्षी, १९८६ मध्ये, पीटर गेब्रिएलच्या ‘स्लेजहॅमर’ने उलटा रस्ता धरला. तिथे चित्रात माणूस घातला नाही, माणसाचीच वस्तू केली. गेब्रिएल काचेखाली सोळा तास पडून राहिला आणि त्याच्या चेहऱ्याभोवती फळे, मासे, लाकडे एकेक फ्रेमने हलवली गेली. देहातला अखंड काळ काढून टाकला की माणूस बाहुलीसारखा झटक्याझटक्याने हलतो. त्यातून विनोद येतो, थोडा वात्रटपणा येतो. पारितोषिके याला नऊ मिळाली. विरहाचे गाणे मात्र या तंत्रावर चाललेच नसते.

सगळ्याच गाण्यांना थरथर मानवत नाही, हेही खरे. फिल्म्स डिव्हिजनचा १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ आठवा. संकल्पना विजया मुळे यांची, ॲनिमेशन भीमसेन यांचे, संगीत वसंत देसाईंचे, आणि आवाज तेव्हा लहान असलेल्या साधना सरगम यांचा. मुलांना एकीचे बळ सांगायचे तर आकृती सपाट, ठाम, रंगांनी भरलेल्याच हव्या. तिथे रेघ डळमळली असती तर आशयच डळमळला असता.

२०१० साली जॉनी कॅशचा ‘एन्ट नो ग्रेव्ह’ हा अल्बम आला, त्याच्या निधनानंतर सुमारे साडेसहा वर्षांनी. मरण आपल्याला धरून ठेवू शकणार नाही, असे सांगणारे त्यातले शीर्षकगीत. ख्रिस मिल्क या दिग्दर्शकाने कॅशच्या जुन्या चित्रीकरणातल्या सुट्या फ्रेम इंटरनेटवर ठेवल्या. कोणीही यावे, एक फ्रेम घ्यावी, तिच्यावर आपल्या हाताने चित्र काढावे आणि परत द्यावे. फ्लायशरच्या काचेसमोर एक चित्रकार बसत असे. इथे जगभरातले हजारो अनोळखी लोक बसले. कोणी सुरकुती न् सुरकुती काढली, कोणी चार फटकाऱ्यांत चेहरा, कोणी नुसते ठिपके. सलग पाहताना कॅश रेल्वेच्या रुळांवरून चालतो आहे हे स्पष्ट दिसते, पण त्याचा चेहरा दोन फ्रेम सारखा टिकत नाही. कोणतीही फ्रेम थांबवली की ती कोणी आणि कशी काढली, हेही पाहता येई. एकाच क्षणाची अनेकांनी काढलेली चित्रे साठत गेली आणि त्यांतली कोणती लागावीत हे पाहणाऱ्याला निवडता येत होते. त्यामुळे दोघांनी पाहिलेले गाणे बहुधा एकच नसे.