चोर सोडून चंद्राला फाशी

थंडीनं वेळेवर यावं आणि वेळेवर जावं, एवढीच आपली तिच्याकडून माफक अपेक्षा असते. आपल्याकडे होळी पेटली की थंडी तिच्यात जळाली असं समजायचं, स्वेटरच्या घडीत डांबराच्या गोळ्या घालायच्या आणि ट्रंकेला कुलूप लावायचं, अशी वहिवाट आहे. पण स्टेशनवर पोचवून आलेला पाहुणा ‘गाडी चुकली’ म्हणत पुन्हा दारात उभा राहावा, तशी थंडी कधी कधी परत येते. आपल्याकडे हे क्वचित घडतं. फ्रान्समध्ये मात्र हा पाहुणा दर वसंतात गाडी चुकवायच्या तयारीतच असतो.

आणि येतो तोही कसा, तर अगदी गोरागोमटा होऊन! आभाळ धुऊन ठेवल्यासारखं निळं. ऊन असं लख्ख की कोट काढून हातात घ्यावा, आणि सावलीत पाऊल पडताच तो पुन्हा घालावा. पाऊस नाही, चिखल नाही, हवा कोरडी ठणठणीत. शहरातली माणसं म्हणतात, काय सुंदर हवा पडली आहे! त्याच वेळी खेड्यातला माळी हताश होऊन आभाळाकडे बघत असतो. कारण दिवस असा सोन्यासारखा गेला की रात्र कशी जाणार, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं. संध्याकाळी वारा पडतो, चांदणं टिपूर पडतं, आणि सकाळी पाहावं तर द्राक्षाच्या वेलीवरचे कोवळे कोंभ करपून तांबूस झालेले. रात्री शेतात कोण होतं? चंद्र. मग हे कोणी केलं? चंद्रानं. निकाल लागला!

या आरोपी चंद्राला फ्रान्समध्ये नावही पडलं : ‘लून रूस’. लून म्हणजे चंद्र, आणि रूस म्हणजे तांबूस. (या रूसचा मॉस्कोशी संबंध नाही. मराठी कानाला तो रुसलेला चंद्र वाटतो, आणि तसं वाटलं तरी फारसं बिघडत नाही.) ईस्टरनंतर अमावास्येला सुरू होणारा जो चांद्रमास, तो या रुसलेल्या चंद्राचा. म्हणजे साधारण एप्रिल-मे. या महिन्यातलं चांदणं कोवळ्या पानांना भाजून काढतं, अशी तिथल्या माळ्यांची आणि द्राक्षवाल्यांची पक्की समजूत. पुरावाही भक्कम. चंद्र लख्ख दिसला त्या रात्री पानं करपली, ढगाआड राहिला त्या रात्री वाचली. आपल्याकडे गणेशचतुर्थीला चंद्र पाहिला तर पाहणाऱ्यावर चोरीचा आळ येतो. श्रीकृष्णालासुद्धा स्यमंतक मण्याच्या भानगडीत तो चुकला नाही. फ्रान्समध्ये आळ थेट चंद्रावर आला, एवढाच फरक!

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला या न्यायपद्धतीचं नवल वाटत नाही. संध्याकाळी कॅश जुळली नाही की त्या वेळी काउंटरजवळ जो कोणी उभा असेल, त्याच्याकडे सगळे जण बघू लागतात. तो बिचारा पेनमध्ये शाई भरायला आलेला असतो.

हा खटला वरच्या कोर्टात गेला तो अठराव्या लुईच्या कारकिर्दीत. नेपोलियन पडल्यानंतर गादीवर आलेला हा राजा १८२४ साली वारला. अंगानं स्थूल, संधिवातानं बेजार, जेवणाचा शौकीन आणि जिभेनं तिखट. पॅरिसला १७९५ साली स्थापन झालेली ‘ब्यूरो दे लाँजित्यूद’ नावाची एक संस्था होती. ग्रहगणितं करणं आणि पंचांगं काढणं हे तिचं काम. आपल्याकडचे पंचांगकर्ते नव्या वर्षाचं पंचांग घेऊन वाड्यावर जात, तसे या संस्थेतले विद्वान आपलं पंचांग घेऊन राजवाड्यावर गेले. राजा म्हणाला, बरं झालं आलात, आता मला एकदाचं सांगा, हा लून रूस म्हणजे काय आणि तो पिकांचं नुकसान कसं करतो?

प्रश्न ज्यांच्याकडे वळला ते गृहस्थ म्हणजे साक्षात लाप्लास. आकाशस्थ गोलांच्या गतीवर पाच खंडांचा ग्रंथ लिहिणारा माणूस. चंद्राची गती हळूहळू वाढताना का दिसते, या कोड्यावर त्यांनी १७८७ साली उत्तर मांडलेलं. चंद्र अमुक दिवशी अमुक क्षणी कुठे असेल, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. पण तो तिथे बसून पानं करपवतो काय, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं! खरं म्हणजे लाप्लास नॉर्मंडीच्या खेड्यातले, वडील शेती करणारे आणि सफरचंदाच्या दारूचा व्यापार करणारे. लहानपणी घरात मोहोर गळाल्याच्या गोष्टी त्यांच्या कानांवर पडल्या नसतील असं नाही. पण मोठा माणूस झाल्यावर घरचं ज्ञान आधी विसरायचं असतं. नेपोलियननं त्यांना १७९९ साली गृहमंत्री केलं होतं, आणि सहा आठवड्यांत काढूनही टाकलं होतं. तेव्हा राज्यकर्त्यांपुढे गोंधळून जायची त्यांना थोडी सवय होती. महाराज, या चंद्राला खगोलशास्त्रात जागा नाही, सबब उत्तर देता येत नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून त्यांनी वेळ मारून नेली. एखाद्या अर्जावर ‘सदर बाब या खात्याच्या कक्षेत येत नाही’ असा शेरा मारतात, तसंच हे. राजेसाहेब खूश! देशातल्या सर्वांत मोठ्या पंडिताची त्यांनी बोबडी वळवली होती. संध्याकाळी पत्त्यांच्या डावावर त्यांनी ही गंमत हसत हसत सगळ्यांना सांगितली.

लाप्लास हसले नाहीत. ते आपल्या तरुण सहकाऱ्याकडे, फ्रांस्वा आरागोकडे गेले आणि त्यांनी विचारलं, तुला काही ठाऊक आहे का? हा सगळा किस्सा या आरागोनंच पुढे लिहून ठेवला. त्यालाही ठाऊक नव्हतं. पण त्यानं एक फार शहाणपणाची गोष्ट केली. तो वाचनालयात न जाता पॅरिसच्या सरकारी वनस्पतिबागेतल्या माळ्यांकडे गेला. माळ्यांनी काय पाहिलं ते नीट ऐकून घेतलं, आणि मगच पुस्तकं उघडली.

पुस्तकही तयार होतं. लंडनला विल्यम चार्ल्स वेल्स नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी १८१४ साली दंवावर एक निबंध छापला होता. पेशंट सोडून हा माणूस रात्रीच्या रात्री सरे परगण्यातल्या एका मित्राच्या बागेत लोकरीचे पुंजके मांडून बसायचा आणि कुणाचं वजन दंवानं किती वाढलं ते तोलायचा. तब्येत मुळात तोळामासा, त्यात रात्रीचा गारठा. पुढे तीन वर्षांनी ते वारले. पण तोवर त्यांनी एक गोष्ट सिद्ध केली होती. निरभ्र, निवांत रात्री गवताजवळची हवा जितकी थंड असते, त्याहून गवत स्वतः कितीतरी जास्त थंड होतं. सहा, सात, क्वचित आठ अंशांनीसुद्धा.

यातला हिशेब कॉमर्सच्या माणसालाही समजण्याजोगा आहे. प्रत्येक वस्तू आपली उष्णता रात्रंदिवस उधळत असते. दिवसा सूर्याकडून जमेची बाजू भरत असते, म्हणून कळत नाही. रात्री जमा बंद, नावे चालू. अशा वेळी वर ढग असले तर ते गेलेल्या उष्णतेतला बराचसा भाग परत पाठवतात. हवेतली वाफही थोडीफार मदत करते. पण आभाळ मोकळं आणि हवा कोरडी असली की गेलेली रक्कम गेलीच, वसुली जवळजवळ नाही. जमिनीच्या पोटात पुष्कळ शिल्लक असते, ती तग धरते. पान म्हणजे फाटका माणूस, भांडवल नाही आणि उधळपट्टी चारी बाजूंनी. वारा असता तर वरची उबदार हवा खाली येऊन काही भरपाई झाली असती, पण तोही पडलेला. एप्रिलच्या रात्री हवा चार-पाच अंशांवर असली तरी पान शून्याखाली जातं, आणि थर्मामीटर मात्र ‘सर्व ठीक’ म्हणून रिपोर्ट देत राहतो.

म्हणजे कोंभ मारले ते निरभ्र आभाळानं. तेच आभाळ निरभ्र असल्यामुळे चंद्र दिसला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी, तसा हा प्रकार. चंद्र घटनास्थळी हजर होता, पण साक्षीदार म्हणून. माळ्यांनी जे पाहिलं ते शंभर टक्के खरं होतं. फक्त आरोपपत्रावरचं नाव चुकलं होतं. आणि पंडितांचं काय? खेडवळ समजूत म्हणून त्यांनी ती ऐकलीच नव्हती, त्यामुळे त्यांच्याकडे चुकीचं नावसुद्धा नव्हतं! वेल्ससाहेबांनी तर मोकळेपणानं लिहिलंय, की माळी कोवळ्या रोपांवर पातळशी चटई पसरतात ते पाहून मी पूर्वी मनात हसत असे. पुढे त्यांनी चार काटक्यांवर एक तलम रुमाल ताणून गवतावर धरला. रुमालाखालचं गवत शेजारच्या उघड्या गवतापेक्षा चांगलंच उबदार निघालं. त्या दिवसापासून त्यांचं हसू बंद झालं.

आपल्याकडे तर या विद्येवर धंदा चालत असे. अलाहाबादकडे हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री उथळ खड्ड्यांत उसाची चिपाडं अंथरून त्यांवर मातीच्या पसरट परळांतून पाणी ठेवत, आणि पहाटे बर्फ गोळा करत. हवा शून्याच्या वर असूनही! रॉबर्ट बार्कर नावाच्या साहेबानं १७७५ साली हे सगळं लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळवलं. परळ मांडणाऱ्या माणसाला त्यातलं शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. पण ढगाळ रात्री तो परळ मांडत नसणार. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिवाळ्यात दंव गोठतं आणि पर्यटक फोटो काढतात, तोही याच हिशेबातला प्रकार. निफाडकडचा द्राक्षवाला मात्र त्या रात्री फोटो काढत नाही. तो बागेत शेकोट्या पेटवत फिरतो.

या खटल्याची शेवटची तारीख पडली ती २०२१ साली. त्या वर्षी मार्चअखेर फ्रान्समध्ये असं ऊन तापलं की कित्येक ठिकाणी पारा पंचविशीच्या वर गेला. वेली फसल्या आणि कोंभ वेळेआधी बाहेर आले. मग एप्रिलच्या ६ ते ८ तारखांना थंडीची ती कोरडी लाट उत्तरेकडून उतरली. रात्री पारा शून्याखाली. शेतकऱ्यांनी द्राक्षमळ्यांतून मेणाचे डबे पेटवले, एकेका हेक्टरात शेकडो. कुठे हवा ढवळायला हेलिकॉप्टरं फिरवली. कुठे कोंभांवर पाणी फवारलं, म्हणजे बर्फापासून वाचवायला बर्फाचंच चिलखत चढवलं; पाणी गोठताना जी ऊब सोडतं तीवर कोंभ जगतो. डोंगरउतारावर ओळीनं जळणाऱ्या त्या दिव्यांचे फोटो जगभर छापून आले, आणि लोक म्हणाले, काय सुंदर! कर्ज काढून रात्रभर मेण जाळणाऱ्याला ते सुंदर दिसलं असेल की नाही, कोण जाणे. पहाटेपर्यंत पुष्कळ ठिकाणी वर्षाचं पीक गेलेलं होतं. शतकाच्या सुरुवातीची ही बहुधा सर्वांत मोठी शेतीची आपत्ती, असं तिथल्या शेतीमंत्र्यांनी सांगितलं. जग तापत चाललंय तशा वेली लवकर जाग्या होतात, आणि थंडी मात्र अजून शेवटची फेरी मारून जाते. तेव्हा हे पुन्हा होणार, हे आता शास्त्रज्ञही सांगतात.

आणि चंद्र? मी मुद्दाम पंचांग काढून पाहिलं. ईस्टर ४ एप्रिलला झाला होता, अमावास्या १२ तारखेला. म्हणजे लून रूसचा महिना सुरूच व्हायचा होता. त्या रात्री आकाशात होती ती वद्य पक्षातली एक बारीक कोर, तीही पहाटे पहाटे उगवणारी. आरोपी गावातच नव्हता म्हणा ना! दोन-अडीचशे वर्षं ज्याच्यावर बालंट होतं, त्याला यापरतं निर्दोषत्वाचं सर्टिफिकेट कोणतं हवं?

आपल्या पंचांगात ७ एप्रिलपुढे त्या दिवशीची एकादशीही छापलेली होती. तिचं नाव, पापमोचनी.