कृत्तिकांची साक्ष

कुर्ल्यासारख्या ठिकाणीं, आगगाड्यांच्या गजबजाटांत आणि वांद्रे-कुर्ला संकुलाच्या झगझगाटांत राहणाऱ्या मनुष्यानें ताऱ्यांविषयीं लिहावें, याचें वाचकांस कदाचित् हसूं येईल. परंतु पाऊस सरून आकाश निवळलें म्हणजे कार्तिकांतल्या एखाद्या रात्रीं आमच्या गच्चीवरून कृत्तिकांचा पुंजका अजून दिसतो. दिसतो म्हणजे प्रथम नुसता अंधुक डाग, आणि नजर ठरली कीं त्यांतले तीन-चार तारे. गेल्या कार्तिकांत माझ्या धाकट्या मुलीनें होकायंत्र आणून पाहिलें, तों तो पुंजका पूर्वेच्या बराच डावीकडे, घाटकोपरच्या अंगास, लांबविलेल्या हाताच्या दोन मुठींइतका उत्तरेकडे! ती म्हणाली, “बाबा, कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहींत असें तुम्हींच सांगितलें होतें ना?”

सांगितलें होतें खरें. पण तें म्हणणें माझें नव्हे, शतपथब्राह्मणाचें. त्या ग्रंथाच्या दुसऱ्या कांडांत अग्न्याधान कोणत्या नक्षत्रावर करावें याचा विचार आला आहे. कृत्तिकांच्या बाजूनें तेथें जीं कारणें दिलीं आहेत, त्यांत दोन अशीं: इतर नक्षत्रांत एकापासून चारांपर्यंत तारे असतात, कृत्तिकांत मात्र पुष्कळ, आणि इतर सर्व नक्षत्रें पूर्व दिशेपासून ढळतात, ह्या ढळत नाहींत. पहिलें कारण काळाच्या कसोटीस उतरलें आहे. गॅलिलिओनें १६१० सालीं आपल्या दुर्बिणींतून पाहून येथें ३६ तारे रेखाटले. आज या पुंजक्यांत हजारावर तारे मोजलेले असून तो आपणांपासून सुमारें ४४० प्रकाशवर्षें दूर आहे. दुसरें कारण मात्र आज डोळ्यांस खोटें दिसतें. मग ब्राह्मणकारांनीं तें लिहिलें कसें?

हा प्रश्न नेटानें विचारणारे गृहस्थ म्हणजे कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित. यांचा जन्म १८५३ सालीं कोंकणांतील मुरूड गांवीं झाला. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि पुढील सारा जन्म शिक्षकाच्या नोकरींत गेला. विद्यापीठाची पदवी नसतां फ्लीटसारख्या पंडितानें गुप्तकालाच्या निर्णयाकरितां यांच्या गणिताचा आधार घेतला. हे केवळ पंचांगांत बुडालेले गणिती नव्हते. ‘ज्योतिर्विलास’ लिहून त्यांनीं मराठी वाचकांस रात्रीं अंगणांत नेऊन आकाश दाखविलें. शतपथांतील वाक्यावर त्यांनीं १८९५ सालीं ‘इंडियन अँटिक्वरी’ या मासिकांत लिहिलें, आणि १८९६ सालच्या आपल्या भारतीय ज्योतिःशास्त्राच्या इतिहासांत तो विचार सविस्तर मांडला.

त्यांची विचारसरणी घरांतील मुलांसही समजेल अशी आहे. जो तारा आकाशांतील विषुववृत्तावर असतो, तोच ठीक पूर्वेस उगवतो. आणि पाहणारा सरस्वतीच्या तीरीं असो कीं गोदावरीच्या, त्यानें कांहीं अंतर पडत नाहीं. म्हणून ग्रंथकार कोठें राहत होता हें ठाऊक नसलें तरी अडत नाहीं. पण पृथ्वीचा आंस भोंवऱ्याप्रमाणें डोलतो आणि त्याचा एक फेरा सुमारें २५,८०० वर्षांनीं पुरा होतो. त्यामुळें ताऱ्यांचीं उगवण्याचीं स्थानें शतकानुशतकें सरकत जातात. कृत्तिका आज विषुववृत्ताच्या २४ अंश उत्तरेस आहेत. कुर्ल्याच्या क्षितिजावर त्या पूर्वेच्या २५-२६ अंश उत्तरेस उगवतात. हें गणित मागें नेत गेलें, तर त्या विषुववृत्तावर सांपडतात इसवी सनापूर्वीं सुमारें ३००० वर्षें. वाक्य वर्तमानकाळीं आहे. तेव्हां तें त्याच काळचें, असा दीक्षितांचा निर्णय. १८९३ सालीं लोकमान्य टिळकांनीं ‘ओरायन’ ग्रंथांत मृगशीर्षावरून वेदांचा काळ याहूनही मागें नेला होता. पण त्या इमारतीला कथांचे आणि रूपकांचे पुष्कळ टेंकू लागले. दीक्षितांचा खांब एकच, आणि सरळ.

एकच खांब असल्यामुळेंच तो ठोकून पाहिला पाहिजे. विंटरनिट्झनें असें सुचविलें, कीं कृत्तिका रात्रीं बराच वेळ पूर्वेच्या बाजूस दिसतात एवढाच त्या वाक्याचा अर्थ. तसें धरल्यास काळ इसवी सनापूर्वीं ११०० च्या सुमारास येतो. शिवाय यंत्रावांचून पाहणाऱ्याची नजर दोन-तीन अंशांनीं सहज चुकेल, आणि येथें एका अंशाची चूक म्हणजे सुमारें १८० वर्षांचा फरक. भाषेवरून पाहतां बहुतेक विद्वान् शतपथब्राह्मण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकांतले मानतात. ग्रंथ मागाहूनचा आणि वाक्य मात्र आजोबा-पणजोबांच्या तोंडून आलेलें, असेंही घडलें असेल. मला स्वतःला हाच पक्ष अधिक संभवनीय वाटतो. मग दीक्षितांनीं काढलेला काळ त्या निरीक्षणाचा ठरेल, ग्रंथाचा नव्हे.

आपल्या घरोघरीं वेदांच्या प्राचीनतेचा अभिमान असतो, आणि त्या अभिमानाची थट्टा करणारेही असतात. दोन्ही पक्षांतील किती जणांनीं कृत्तिका उगवतांना पाहिल्या आहेत? दीक्षितांची थोरवी त्यांच्या सनांत नाहीं. एका वाक्याला त्यांनीं आकाशापुढें साक्षीस उभें केलें, आणि उलटतपासणीचा अधिकार आपणां सर्वांस दिला.

कन्येला मीं हें सारें सांगितलें. तिनें विचारलें, “मग तुम्हीं आधीं स्वतः कां नाहीं पाहिलें?” तीस वर्षें मुलांना शिकविणाऱ्या मजजवळ याचें उत्तर नव्हतें.