झेंडूचे बी

दसऱ्याचे तोरण सुकले, की आमची आजी ते उकिरड्यावर टाकू देत नसे. त्यातली टपोरी फुले ती वेचून काढी, उन्हात खडखडीत वाळवी आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीत पुरचुंडी बांधून फडताळात ठेवी. मृगाचा पाऊस झाला, की ती पुरचुंडी सुटे, काळ्या काडीसारख्या बिया परसात विखुरल्या जात, आणि पुढच्या दसऱ्याला दारावर पुन्हा तीच फुले डुलत. झेंडूचे बी विकत आणायचे असते, असे कोणी सांगितले असते तर तिला हसूच आले असते.

काही वर्षांपूर्वी मीही तोच प्रयोग केला. बाजारातून आणलेली फुले मोसंबीएवढी, एका साच्यातून काढल्यासारखी सारखी होती. त्यांचे बी पावसाळ्यात पेरले. उगवले ते मात्र भलतेच. एक झाड उंच, दुसरे खुजे; एकाचे फूल भरगच्च, दुसऱ्याचे एकेरी; आणि काही झाडांवर तर पाकळ्याच नाहीत, नुसते हिरवट झुबके! आपल्या हाताला गुण नाही, अशी मी मनाची समजूत घातली. पण दोष हाताचा नव्हता. त्याचा माग काढता काढता एक मोठा इतिहास हाती लागला; तो वाचकांपुढे ठेवायला दिवाळीसारखा दुसरा मुहूर्त नाही.

झेंडू मुळात आपला नव्हे. त्याचे माहेर मेक्सिको. तिथल्या नाहुआतल भाषेत त्याच्या नावाचा अर्थ होतो ‘वीस फुले’. पाकळ्यांची दाटी पाहून ठेवलेले हे नाव. सोळाव्या शतकात स्पॅनिश धर्मोपदेशक साहागुन याने तिथल्या लोकजीवनाची जी प्रचंड नोंद केली, तीत हे फूल आहे. आजही १ आणि २ नोव्हेंबरला, म्हणजे आपल्या दिवाळीच्या आगेमागेच, मेक्सिकोतली माणसे आपल्या मृत आप्तांसाठी झेंडूच्या पायघड्या घालतात. आपण याच फुलाने लक्ष्मीला घरात बोलावतो, ती पितरांना बोलावतात.

स्पॅनिशांनी हे फूल युरोपात नेले. तिथे ते उत्तर आफ्रिकेतून आल्याची समजूत झाली आणि अमेरिकेच्या या लेकराला आफ्रिकेचे नाव चिकटले! भारतात ते पोर्तुगीजांच्या गलबतांतून आले असे मानतात. आपल्या जुन्या संस्कृत काव्यांत कमळ भेटते, मालती भेटते. झेंडू भेटत नाही. तरी तो इतका घरचा झाला, की १९२५ साली आचार्य अत्र्यांनी आपल्या विडंबनकवितांच्या संग्रहाला ‘झेंडूची फुले’ हे नाव दिले, तेव्हा त्यातली गंमत कुणाला समजावून सांगावी लागली नाही. परक्याला घरचे केले कुणी? कुठल्या राजाने नव्हे. हातोहात फिरणाऱ्या पुरचुंडीने.

आता दुसरी हकीकत ऐका. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे बर्पी नावाची बियाण्यांची मोठी पेढी होती. १९१५ साली वडिलांच्या मागे डेव्हिड बर्पी तिचे मालक झाले आणि पुढे झेंडूच्या ध्यासाने त्यांना झपाटले. १९५४ साली त्यांनी जाहीर केले, की जो कोणी खराखुरा पांढरा झेंडू फुलवील, त्याला १०,००० डॉलर देऊ. एकवीस वर्षे गेली. १९७५ साली बक्षीस मिळाले ते कुणा शास्त्रज्ञाला नव्हे, तर आयोवा राज्यातल्या सली या लहान गावच्या अॅलिस वोंक या विधवा बाईंना. त्यांची युक्ती काय? दरवर्षी सर्वांत फिकी फुले निवडायची, त्यांचे बी जपायचे, पुन्हा पेरायचे. माझ्या आजीपेक्षा त्यांनी निराळे काही केले नाही; फक्त नजर अधिक बारीक ठेवली.

पण बियाण्यांचा धंदा त्याच सुमारास वेगळ्या वाटेने निघाला होता. दोन निवडक वाणांचा संकर केला, की पहिली पिढी जोमदार आणि एकसारखी निघते. झेंडूचे एक फूल म्हणजे शेकडो चिमुकल्या फुलांचा गुच्छ; त्यातले पुंकेसर हाताने खुडणे अशक्य. म्हणून मादी-वाण असा घेतात, की ज्यात परागच नसतो आणि पाकळ्याही नसतात. संकराच्या पहिल्या पिढीत हा दोष लपतो, दुसऱ्या पिढीत डोके वर काढतो. माझ्या परसातल्या बिनपाकळ्यांच्या झाडांचे कोडे इथे सुटले!

गुलाबासाठी कायदा करावा लागला. अमेरिकेने १९३० साली वनस्पतींना पेटंट देण्याचा कायदा केला आणि १९३१ साली पहिले पेटंट ‘न्यू डॉन’ नावाच्या वेलगुलाबाला मिळाले. संकरित झेंडूला अशा कुंपणाची गरजच नाही. त्याचे कुलूप बियातच आहे. आपल्याकडे २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. पण जे बी राखून उपयोग नाही, त्याच्यावरचा हक्क घेऊन शेतकऱ्याने काय करावे?

संकरित वाणाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. ते फूल टपोरे, प्रवासात टिकणारे. व्यापारी तेच मागतो. पण त्याचे बी दाणे मोजून विकत घ्यायचे आणि फूल मात्र पाटीने, बाजार देईल त्या भावाने विकायचे! दसऱ्याच्या आदल्या दिवशी सोन्याच्या मोलाने जाणारा माल दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला ओतलेला आपण सर्वांनीच पाहिला आहे. त्या ढिगात बियाण्याचा खर्चही पडलेला असतो.

सुदैवाने सरळ वाण अजून आहेत. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा नारंगी गेंदा’ आहे. आणि खेड्यापाड्यांतल्या परसांत गावठी झेंडूही आहे. त्याची फुले लहान, रंग एकसारखा नाही. पण आई जशी तशी लेक.

यंदा मी तोच लावला. तोरण थोडे विरळ झाले. शेजारच्या वहिनींनी तसे बोलूनही दाखवले. मी काही बोललो नाही. फुले वाळली, की एक पुरचुंडी त्यांच्याही घरी पाठवणार आहे.