राइट बंधूंची लाकडी पेटी आणि न जुळणारे आकडे

वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियममध्ये १९९६ साली ‘हाऊ थिंग्ज फ्लाय’ हे दालन सुरू झालं. खास कुटुंबांसाठी, हात लावून बघायचं. तिथे खऱ्या सेसना १५० विमानात बसून मुलं दांडा हलवायची आणि पंखाच्या, शेपटीच्या फळ्या कशा हलतात ते बघायची. अशा दालनांत वाऱ्याच्या झोतात धरलेला छोटा पंखही बऱ्याचदा असतो. तो थोडा तिरका केला की वर उचलला जातो, फार तिरका केला की उचल एकदम कमी होते.

आपल्याला हा खेळ वाटतो. पण राइट बंधूंनी १९०१ मध्ये नेमकं हेच केलं होतं, आणि तेही अडचणीत सापडल्यावर. रिसर्चला जाणार असाल तर ही गोष्ट तुम्हाला माहीत हवीच.

सुरुवात तुमच्यासारखीच, म्हणजे लिटरेचर रिव्ह्यूने. मे १८९९ मध्ये विल्बर राइटने स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणावरचं छापील साहित्य मागवलं. (वरचं म्युझियम याच संस्थेचं!) वाचनातून त्यांना दोन गोष्टी मिळाल्या: जर्मनीच्या ओटो लिलिएन्थालचं लिफ्टचं कोष्टक आणि हवेच्या दाबाचा ‘स्मीटन गुणांक’, ०.००५. हा आकडा अठराव्या शतकापासून चालत आलेला. त्यावरून त्यांनी ग्लायडर बांधलं. १९०१ च्या उन्हाळ्यात लिफ्ट मिळाली हिशोबाच्या जेमतेम एक तृतीयांश.

आता इथे थांबून विचार करा, तुम्ही काय केलं असतं? पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझी रीडिंग्ज छापील आकड्यांशी जुळेनात, तेव्हा मी आठवडाभर ‘माझंच चुकलं’ म्हणत बसलो. त्यातले दोन दिवस तर न जुळणारे पॉइंट गाळून टाकावेत का, याच विचारात गेले. खोटं कशाला बोलू!

राइट बंधूंनी सहा फूट लांब, सोळा इंच चौरस तोंडाची लाकडी पेटी बनवली आणि एका टोकाला पंखा बसवला. विंड टनेल त्यांचा शोध नव्हे. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस वेनमने तो १८७१ मध्येच केला होता. यांची खरी कमाल आतल्या तराजूत. तो करवतीची पाती आणि सायकलचे स्पोक वापरून केलेला. त्यात पंखाची लिफ्ट त्याच वाऱ्यातल्या सपाट पट्ट्यांवरच्या दाबाशी तोलली जायची. दोन्हीकडे वारा एकच, त्यामुळे स्मीटनचा गुणांक हिशोबातून आपोआप बाद! संशयास्पद आकड्यावर वाद घालण्यापेक्षा त्याची गरजच पडणार नाही असं मोजमाप त्यांनी रचलं.

त्या हिवाळ्यापर्यंत त्यांनी सुमारे दोनशे आकार तपासले. निष्कर्ष गमतीदार निघाला. ज्या लिलिएन्थालवर आधी संशय होता, त्याचं कोष्टक बरंचसं बरोबर होतं. पण ते त्याच्या पंखाच्या आकारासाठी होतं, आणि यांनी ते आपल्या वेगळ्या आकाराला लावलं होतं. गुणांक मात्र खरंच चुकीचा होता. ग्लायडरच्या मोजमापांवरून तो ०.००३३ च्या आसपास आला, म्हणजे जुना आकडा दीडपट फुगलेला. चूक थोडी पुस्तकाची, थोडी स्वतःची.

मग १९०२ चं ग्लायडर लांब, अरुंद पंखांचं झालं आणि हिशोबाप्रमाणे उडालं. १७ डिसेंबर १९०३ ला इंजिनाचं विमान पहिल्यांदा १२ सेकंद, १२० फूट गेलं. त्याच दिवशीचं चौथं उड्डाण ५९ सेकंदांचं होतं.

म्हणून तुमचे आकडे जुळले नाहीत तर पॉइंट गाळू नका आणि लगेच जुन्या पेपरलाही दोष देऊ नका. तो आकडा कुठल्या परिस्थितीत मोजला होता ते आधी शोधा, मग तुमची स्वतःची छोटी पेटी बांधा. आणि सायन्स सेंटरमध्ये असा पंख दिसला तर लहान मुलांच्या रांगेत खुशाल उभे राहा, लाजू नका.