माहितीशास्त्राची पदवी कालबाह्य झालेली नाही

ग्रंथालय आणि माहितीशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीविषयी एक मत आपल्याकडे जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. पालक ते उघड बोलून दाखवतात, अन्य विभागांतले प्राध्यापक ते गृहीत धरतात आणि एम.लिब.च्या वर्गात बसलेले काही विद्यार्थीही मनातून ते मान्य करून बसलेले असतात. हे मत म्हणजे या लेखाचा पूर्वपक्ष. तो चार मुद्द्यांत मांडता येतो.

पहिला मुद्दा असा की, जे हवे ते गूगलवर सापडते, आणि आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता थेट उत्तरच लिहून देते. मग माहिती शोधण्याचे वेगळे शास्त्र कशाला? दुसरा, जे काही उरले असेल ते संगणक अभियंत्यांचे काम आहे. तिसरा, या क्षेत्रातल्या थोर माणसांकडे कुठे पदव्या होत्या? ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर पंधरा दिवसांत शिकता येते. चौथा, नोकऱ्याच नाहीत. या मुद्द्यांत तथ्याचा अंश आहे आणि ते मांडणारी माणसे विचार करूनच बोलतात. म्हणून प्रत्येकाचे उत्तर पुराव्यानिशी द्यायला हवे.

शोधयंत्रापासून सुरुवात करू. गूगलने या शास्त्राची गरज संपवली असे म्हणणाऱ्याने गूगलचा जन्म पाहावा. लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन स्टॅनफर्डमध्ये डिजिटल ग्रंथालयाच्या एका संशोधन प्रकल्पात काम करत होते. ज्या पानाकडे अधिक आणि वजनदार पाने निर्देश करतात ते पान महत्त्वाचे, हे त्यांच्या क्रमवारीचे तत्त्व. शोधनिबंधांच्या बाबतीत निर्देशांचा असा माग घेण्याची पद्धत युजीन गारफील्ड यांनी 1955 साली 'सायन्स' नियतकालिकातल्या लेखात मांडली होती, आणि 1964 मध्ये त्यांची विज्ञान-निर्देश सूची प्रसिद्ध झाली. त्याआधी, 1954 साली, गारफील्ड यांनी कोलंबिया विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली होती.

हे एकच उदाहरण नाही. दुर्मीळ शब्दाला नेहमीच्या शब्दापेक्षा अधिक वजन द्यावे, हे शोधयंत्रांचे मूलतत्त्व केरन स्पार्क जोन्स यांनी 1972 साली प्रलेखनशास्त्राच्या नियतकालिकात मांडले. त्यांचे मूळ शिक्षण इतिहास आणि तत्त्वज्ञानाचे होते. त्या तत्त्वावर आधारलेले बीएम25 हे सूत्र स्टीफन रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या सिटी विद्यापीठातल्या माहितीशास्त्र विभागात विकसित केले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ज्या प्रणाली उत्तर देण्याआधी दस्तऐवज शोधून आणतात, त्यांतल्या अनेक प्रणाली आजही हेच सूत्र वापरतात. आणि शोध चांगला की वाईट हे मोजायचे कसे? सापडलेल्यांपैकी उपयोगाचे किती, आणि उपयोगाचे होते त्यांपैकी सापडले किती, ही दोन मापे प्रयोगांनी रुजवली ती सिरिल क्लेव्हरडन यांनी. ते क्रॅनफील्डच्या वैमानिकी महाविद्यालयाचे ग्रंथपाल होते. आज यंत्रशिक्षणाचा प्रत्येक विद्यार्थी ही मापे पहिल्याच सत्रात शिकतो. ज्या यंत्राच्या बळावर माहितीशास्त्र मोडीत काढले जाते, ते यंत्र याच शास्त्राच्या पायावर उभे आहे.

यावर कोणी म्हणेल, पाया रचून झाला, आता इमारत आयती आहे; वापरणाऱ्याला शास्त्र कशाला हवे? उत्तर बाल्टिमोरच्या एका दुःखद घटनेत आहे. 2001 साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यावर संशोधन चालू होते. त्यात हेक्झामेथोनियम हे रसायन श्वासावाटे घेतलेली 24 वर्षांची निरोगी स्वयंसेविका मरण पावली. संशोधकांनी आधीचे साहित्य तपासले नव्हते असे नाही. त्यांनी पबमेड या वैद्यकीय संशोधनाच्या माहितीसाठ्यात शोध घेतला होता. पण पबमेडची व्याप्ती त्या काळी 1966 पर्यंतच मागे जात होती, आणि या रसायनाने फुप्फुसांना होणाऱ्या हानीच्या नोंदी 1950च्या दशकातल्या नियतकालिकांत होत्या. माहिती अस्तित्वात होती, ग्रंथालयांत छापील स्वरूपात ठेवलेली होती. आपण जिथे शोधतो आहोत त्या साधनाची सीमा कुठे संपते, हा प्रश्न विचारला गेला नाही. माहितीशास्त्राचा विद्यार्थी कोणत्याही माहितीसाठ्याकडे जाताना तो प्रश्न आधी विचारायला शिकतो: यात काय आहे, कधीपासूनचे आहे, आणि काय नाही?

कृत्रिम बुद्धिमत्तेने हा प्रश्न अधिकच बिकट केला आहे. 2023 साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधीच न दिले गेलेले निवाडे आधार म्हणून सादर केले. न्यायालयाने त्यांना 5,000 डॉलर दंड केला. त्या वकिलांना कायदा येत होता आणि संगणकही वापरता येत होता. त्यांनी केले नाही ते एकच काम: दिलेला संदर्भ मूळ ठिकाणी जाऊन पाहणे. उत्तर जितके सफाईदार, तितकी त्याची पडताळणी करणाऱ्या प्रशिक्षित माणसाची गरज मोठी. माहिती स्वस्त झाली, तसा तिच्यावर विसंबण्यातला धोका महाग झाला.

आता दुसरा मुद्दा: हे काम संगणक अभियंत्याचे आहे. प्रणाली उभारणे त्याचे काम आहे यात वाद नाही. पण एका मराठी साहित्याच्या डिजिटल संग्रहाचा विचार करा. राम गणेश गडकरी यांनी कविता 'गोविंदाग्रज' नावाने लिहिली आणि विनोदी लेखन 'बाळकराम' नावाने. वि. वा. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज एकच, चिं. त्र्यं. खानोलकर आणि आरती प्रभू एकच. ज्ञानेश्वरी आणि भावार्थदीपिका ही एकाच ग्रंथाची नावे. हा संग्रह रोमन लिपीतल्या सूचीत गेला की 'ज्ञ' हे अक्षर कोणी एक प्रकारे लिहितो, कोणी दुसऱ्या, आणि एक लेखक चार लेखक होऊन बसतो. यंत्र अक्षरे जुळवून पाहते. ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, हा निर्णय कोणीतरी नियम ठरवून, पुरावा पाहून घ्यावा लागतो आणि तो जगभरच्या सूचींशी सुसंगत ठेवावा लागतो. तालिकीकरणातले नामनियंत्रण ते हेच. ते न शिकलेल्या हातांनी उभारलेला संग्रह भरलेला दिसतो, पण वाचकाला त्यात हवे ते सापडत नाही.

वर्गीकरणाचेही तसेच. एस. आर. रंगनाथन यांनी 1933 साली द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले. एखादा विषय एकाच फांदीवर टांगून न ठेवता त्याचे वेगवेगळे पैलू सुटे करावेत आणि गरजेप्रमाणे जोडावेत, हा त्यामागचा विचार. आज ऑनलाइन दुकानात आपण रंग, माप, किंमत, कापड अशा चाळण्या लावून साडी शोधतो, ती याच विचाराची पद्धत आहे. पैलू कोणते धरायचे हे ठरवणे ही बुद्धीची कसोटी आहे.

तिसरा मुद्दा पदवीविना मोठे झालेल्यांचा. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची एकहाती घडवली, हे खरे आणि वंदनीय आहे. पण असे आयुष्य वेचणारे अपवाद असतात. हजारो सार्वजनिक ग्रंथालये असलेल्या राज्याची व्यवस्था अपवादांच्या भरवशावर चालत नाही. रंगनाथन तर या मुद्द्याच्या विरुद्धच साक्ष देतात. ते गणिताचे अध्यापक होते. 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाल्यावर ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ग्रंथपालनाचे शिक्षण घ्यायला गेले, आणि 1929 मध्ये मद्रासला प्रशिक्षण वर्ग सुरू करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी त्याही आधी, 1910 साली, विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावले, आणि पुढच्याच वर्षी तिथे ग्रंथपालांचा वर्ग सुरू झाला. गावोगावी वाचनालये उभारायची तर ती चालवणारी माणसे तयार करावी लागतात, हे त्या द्रष्ट्या राजाने शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. राहिले सॉफ्टवेअर. 'कोहा' ही ग्रंथालय-प्रणाली चालवायला पंधरा दिवसांत शिकता येईल, पण त्यात भरायची नोंद कशी असावी हे तेवढ्यात येत नाही. सॉफ्टवेअर बदलते, नोंदीचे तर्कशास्त्र टिकते.

चौथ्या मुद्द्यातले दुखणे खरे आहे. सार्वजनिक ग्रंथालयांतले मानधन तुटपुंजे आहे आणि महाविद्यालयांतली ग्रंथपालांची पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात. परंतु पद न भरणे हा शासनाच्या आणि संस्थांच्या धोरणाचा दोष आहे. त्यावरून ते ज्ञानच निरुपयोगी ठरत नाही. शाळांत शिक्षक नेमले नाहीत म्हणून अध्यापनशास्त्र खोटे ठरत नाही. शिवाय या पदवीची वाट आता केवळ ग्रंथालयाच्या दारात संपत नाही. विद्यापीठांचे प्रबंधसंग्रह, संशोधनाच्या विदेचे जतन, औषध कंपन्यांतला साहित्यशोध, विधी संस्थांची दफ्तरे, वृत्तपत्रांचे आणि चित्रपटांचे डिजिटल संग्रह या सर्व ठिकाणी हेच कौशल्य लागते.

एक गोष्ट मात्र पूर्वपक्षाला मोकळेपणाने द्यायला हवी. अनेक ठिकाणी हा अभ्यासक्रम व्याख्या पाठ करून घेण्यापुरता उरला आहे. नोट्स वाचून परीक्षा देणारा विद्यार्थी खऱ्या संग्रहाला हातही न लावता उत्तीर्ण होतो. त्या पदवीवर लोकांचा विश्वास बसत नसेल, तर दोष लोकांचा नाही. मात्र त्यावरचा उपाय शिक्षण सुधारणे हा आहे. शास्त्रालाच रजा देणे हा उपाय होऊ शकत नाही.

म्हणून सिद्धान्त असा: माहिती शोधणे, पारखणे, मांडणे आणि पुढच्या पिढीसाठी राखणे हे स्वतंत्र शास्त्र आहे, आणि त्याचे पदव्युत्तर शिक्षण आज पूर्वीपेक्षा अधिक आवश्यक आहे. प्रवेश घेणाऱ्याने विभागाला चार प्रश्न जरूर विचारावेत. इथे विद्यार्थी खऱ्या संग्रहाचे तालिकीकरण करतात का? शोधाची गुणवत्ता मोजायला शिकतात का? थोडीफार आज्ञावली लिहायला शिकतात का? मराठी मजकुरावर काम करतात का? चारही उत्तरे होकारार्थी असतील, तर कोणाच्या बोलण्याने कचरू नका, प्रवेश घ्या. आणि ती नकारार्थी असतील, तर ती होकारार्थी करण्याची जबाबदारी विद्यापीठांची आणि हे शास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येकाची आहे.