हुतात्मा आणि शहीद

पुण्याला जाणारी हुतात्मा एक्सप्रेस सोलापूरकरांच्या तोंडी नुसती ‘हुतात्मा’ असते. यातला ‘हुत’ म्हणजे होमात अर्पण केलेला. हवन, आहुती ही त्याचीच भावंडं. ‘शहीद’ अरबी, मुळात साक्षीदार, मग सत्याची साक्ष प्राण देऊन पटवणारा. सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या स्वातंत्र्यसैनिकांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. चौघांना दोन्ही शब्द शोभतात. तरी सोलापूरने उराशी धरला तो ‘हुतात्मा’, आणि मलाही तोच जवळचा वाटतो. शिवाय कुर्बान या अरबी नावाचा अर्थही अर्पण, म्हणजे हुतच!