ऑलिव्हचं काळं पाणी

काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं. स्पेन-इटलीतल्या शेतकऱ्याला काळं पाणी म्हणजे तेलाच्या घाण्यातून वाहणारं सांडपाणी. ऑलिव्ह तेलाच्या बाटल्या आता आपल्या किराणा दुकानांतही दिसतात. त्या तेलाची थोरवी सांगणारे पुष्कळ भेटतात. तेलाबरोबर निघणाऱ्या या पाण्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. त्याचा इतिहास तेलाइतकाच जुना आहे.

आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. आपल्याकडचा तेली घाण्यात शेंगदाणे, तीळ, करडई घालतो. हे सगळं कोरडं बियाणं. तेल निघालं की मागे पेंड उरते आणि पेंडीला गोठ्यात गिऱ्हाईक तयारच असतं. ऑलिव्हचं तेल मुख्यतः फळाच्या गरातून येतं. फळ रसाळ, त्यामुळे ते पिळलं की तेलाबरोबर पाणीही बाहेर पडतं. 100 किलो फळांतून तेल मिळतं साधारण 20 किलो. बाकी सगळा चोथा आणि पाणी. हे पाणी काळपट, कडू आणि उग्र वासाचं. रोमन लोक त्याला ‘अमुर्का’ म्हणत.

रोमचा थोरला कॅटो हा मोठा करारी आणि तितकाच चिकट गृहस्थ. इसवी सनापूर्वी 160 च्या सुमारास त्याने शेतीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात अमुर्काचे इतके उपयोग आहेत की वाचताना आजीबाईचा बटवा आठवावा. खळं करताना माती अमुर्काने भिजवून चोपावी, म्हणजे मुंग्या येत नाहीत आणि पावसात चिखल होत नाही. आपण खळं शेणाने सारवतो, तसंच काहीसं. धान्याच्या कोठाराला आतून अमुर्का आणि भुसा कालवलेल्या मातीचा लेप द्यावा, किडा लागत नाही. कपड्यांच्या पेटीला ते आटवून फासावं, कसर लागत नाही. मेंढ्यांच्या खरजेवर लावावं. सरपणावर शिंपडून लाकूड वाळवावं, धूर होत नाही.

ही निव्वळ भाबडी समजूत नव्हती. ऑलिव्हच्या फळात पॉलिफेनॉल नावाची कडू द्रव्यं असतात. कीड आणि जंतूंपासून ती फळाचं रक्षण करतात. तेल काढताना त्यांचा फारच थोडा अंश तेलात उतरतो. पुष्कळसा भाग पाण्यात आणि चोथ्यात जातो. म्हणजे कॅटो जे पेटीला फासत होता ते एक प्रकारचं कीटकनाशकच होतं.

पण मला स्वतःला कॅटोपेक्षा व्हारो अधिक शहाणा वाटतो. वयाच्या ऐंशीव्या वर्षी, इसवी सनापूर्वी 37 मध्ये, त्यानेही शेतीवर लिहिलं. त्याने पाहिलं की घाण्यातून अमुर्का जिथे वाहत जातं तिथली जमीन काळी आणि नापीक होते. तो म्हणतो, बेताने घातलं तर शेताला उपयोगी, भरमसाट सोडलं तर घातक. किती बेताने, हा प्रश्न पुढे दोन हजार वर्षं तसाच राहिला.

प्रत्येक शेतावर एखादा घाणा होता तोवर अडचण फारशी जाणवत नव्हती. रोमचा पसारा वाढला तशी तेलाची मागणीही वाढली. खायला तेल, दिव्याला तेल, स्नानगृहात अंगाला तेल. ते मुख्यतः दक्षिण स्पेनमधून, तेव्हाच्या बेटिका प्रांतातून, मातीच्या मोठ्या गोल रांजणांतून येई. एका रांजणात साधारण 70 किलो तेल मावे आणि रिकाम्या रांजणाचंच वजन 30 किलोच्या आसपास. तेल मातीत मुरून खवट होई, म्हणून रांजण दुसऱ्यांदा वापरत नसत. ते फोडून रोममध्येच एका जागी रचत गेले आणि त्याची टेकडी झाली. मोंते तेस्ताच्चो या नावाची ही टेकडी आजही सुमारे 35 मीटर उंच आहे. तिच्यात पाच कोटींहून अधिक रांजण असावेत असा अंदाज आहे. दुर्गंधी येऊ नये म्हणून खापरांवर चुना टाकलेला आढळतो. कचऱ्याची इतकी पद्धतशीर विल्हेवाट आपल्या कित्येक शहरांना आजही जमलेली नाही! एकोणिसाव्या शतकात हाइनरिश ड्रेसेल या जर्मन अभ्यासकाने खापरांवरच्या शाईच्या नोंदी वाचायला घेतल्या. तेलाचं वजन, व्यापाऱ्याचं नाव, तपासणीचं ठिकाण, सगळं त्यांत होतं.

रोमला टेकडी मिळाली, काळं पाणी मात्र स्पेनमध्येच राहिलं. रांजण जिच्या काठी भरले जात, त्या नदीचं आजचं नाव ग्वादलक्विविर. विसाव्या शतकात तिच्या खोऱ्यात घाण्यांच्या जागी वेगाने फिरणारी यंत्रं आली. तेल सुटं व्हावं म्हणून त्यांत वरून पाणी घालावं लागे, त्यामुळे सांडपाणी आणखी वाढलं. हंगाम थंडीतल्या तीन-चार महिन्यांचा. तेवढ्यात सगळा लोंढा ओढ्या-नाल्यांत आणि तिथून नदीत. हे पाणी शहरी सांडपाण्याच्या शंभरपट घाण करणारं. ते नदीतला प्राणवायू शोषून घेतं आणि कीड मारणारी तीच पॉलिफेनॉलं घाण कुजवणाऱ्या जंतूंनाही काम करू देत नाहीत.

अखेर 1981 च्या डिसेंबरात स्पेन सरकारने हे पाणी नदीत सोडण्याला आळा घालणारा हुकूम काढला आणि ते साठवायला तळी खोदण्यासाठी मदत दिली. अशी सुमारे हजार तळी झाली. उन्हाळ्यात पाणी आटावं ही अपेक्षा. नदीचा भार हलका झाला, पण तळ्यांजवळच्या गावांच्या वाट्याला वास आणि डास आले.

1991-92 च्या हंगामापासून पाणी जवळजवळ न घालता चालणारी नवी यंत्रं आली आणि दहा वर्षांच्या आत स्पेनमधल्या बहुतेक गिरण्यांनी ती घेतली. वेगळं काळं पाणी जवळपास संपलं. संपलं म्हणजे काय, तर ते चोथ्यात गेलं. पूर्वी कोरडा चोथा विकत घेणारे कारखाने होते. त्यातून उरलंसुरलं तेल काढत आणि बाकीचं जाळत. आता त्यांच्या दारात दोन तृतीयांश पाणी असलेला चिकट लगदा येऊ लागला. तो वाळवायचा तर भट्टी कडक हवी. जुलै 2001 मध्ये चोथ्याच्या तेलात बेन्झोपायरीन हे कर्करोगाला कारण ठरू शकणारं द्रव्य सापडलं आणि स्पेनमध्ये ते तेल दुकानांतून काढून घ्यावं लागलं. हे द्रव्य चोथा वाळवतानाच्या उष्णतेतून आणि धुरातून तेलात उतरलं होतं. नदीपासून निघालेला मैल असा तळ्यावरून, भट्टीतून थेट तव्यापर्यंत आला होता.

इटलीने दुसरी वाट धरली. तिथल्या 1996 च्या कायदा क्रमांक 574 नुसार हे पाणी शेतात पसरता येतं, पण मोजून: जुन्या पद्धतीच्या घाण्याचं हेक्टरी वर्षाला 50 घनमीटर, फिरत्या यंत्राचं 80. यंत्राच्या पाण्याला जास्त मुभा, कारण त्यात वरून घातलेलं पाणी मिसळलेलं असतं. व्हारोच्या ‘बेताने’ या शब्दाला असा आकडा मिळाला.

स्पेनमध्ये तेल काढून घेतलेला वाळका चोथा आता वीजनिर्मितीसाठी जाळतात. पाँपेईच्या राखेतही जळालेल्या ऑलिव्हच्या बिया सापडल्या आहेत. तिथेही चोथा चुलीत जात असे. आणि तळी? ती पुरती बुजवलेली नाहीत. फळं आणि यंत्रं धुतलेलं पाणी अजूनही कित्येक गिरण्या अशाच तळ्यांत सोडतात आणि उन्हाळ्याची वाट पाहतात.